जागा आहे

"जागा आहे हं, आजी," ती मुलगी म्हणाली आणि तिनं कागद माझ्या हातात दिला. गेले होते मी हाडं तपासायला. एकाहत्तर वर्षांच्या बाईची हाडं डॉक्टरांना एकदा बघावीशी वाटतात, तशी आमच्या डॉक्टरांना वाटली. लांबट टेबलावर पडून राहायचं, अंगावरून मशीनचा हात सावकाश सरकत जातो, दुखत खुपत काही नाही. पण हे नवं मशीन हाडं मोजता मोजता चरबीही मोजतं, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगतंही. एकोणचाळीस टक्के. "म्हणजे कमी करायला जागा आहे," तिनं समजावलं. प्रमिला राई, असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. लॉन्सेस्टनच्या दवाखान्यांतून आता या नेपाळी मुली बऱ्याच दिसतात, म्हाताऱ्यांना सरसकट आजी म्हणतात, आणि मला ते आवडतं. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चुकत नाही का गं हे कधी?" ती हसली. "मशीन कशाला खोटं बोलेल, आजी? माणसं बोलतात." मी स्वेटर घालत होते. डावा हात बाहीत गेला होता, उजवा बाहेर होता, आणि मी तशीच उभी राहिले, कारण ही दोन्ही वाक्यं माझी होती. मशीनच्या जागी सुई म्हणायचे मी, एवढाच फरक. "चक्कर येतेय का?" प्रमिलानं विचारलं. नाही म्हटलं. स्वेटर पुरा केला, बटणं वरखाली लावली आणि गाडीत येऊन बसले.

बाजूच्या सीटवर निळी डबी होती. सकाळी निघतानाच ठेवली होती, कारण चार वाजता माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे, टेगनकडे, जायचं होतं. डबीत माझा चरबी मोजायचा चिमटा. त्याला मोठं नाव आहे, पण रोइंग क्लबच्या बोटहाउसमधल्या पोरी चिमटाच म्हणायच्या, आणि मीही. दोन जबडे, मधे स्प्रिंग, वर घड्याळासारखी तबकडी. अंगावरची कातडी डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं उचलायची, आतल्या मांसापासून सोडवून घ्यायची, पेनाच्या खुणेवर जबडे टेकवायचे, खटका सोडायचा, दोन सेकंद थांबायचं आणि सुई वाचायची. दोनाच्या आधी वाचलंत तर जास्त दिसतं, फार उशीर केलात तर चरबी दबत जाते आणि कमी दिसतं. दंडाच्या मागे, पुढे, खांद्याच्या फऱ्याखाली, कंबरेच्या हाडावर, पोटाला, मांडीला, पोटरीला. सात ठिकाणं, सगळी उजव्या बाजूची, प्रत्येक दोनदा. सातांची बेरीज मिलिमीटरमध्ये. एवढंच खरं तर त्या चिमट्याला माहीत असतं. टक्के ही नंतरची भानगड. कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठातल्या शे-दोनशे मुलांना पाण्यात बुडवून कोणी एक सूत्र काढलेलं असतं, त्यात ही बेरीज घालायची आणि टक्के बाहेर काढायचे. अंदाजावर अंदाज. तीन टक्के इकडे, तीन तिकडे. मला हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून सुटावं, अशी सोय मला नाही.

टक्के हवे होते ते पिडकॉकला. रॉस पिडकॉक आमच्या क्लबाचा प्रशिक्षक, चांगला माणूस, मेला बिचारा, पण आवाज असा की नदीच्या पलीकडच्या बदकांनीही वल्ही मारायला लागावं. "नोलीन, मिलिमीटर कोणाच्या बापाला कळतात? टक्के सांग. टक्के म्हटलं की पोरींना परीक्षा वाटते." मी सांगायला लागले. दर गुरुवारी मी मोजायची आणि तो बोटहाउसच्या दारावर यादी लावायचा. सगळ्यांत जास्त टक्केवाल्या तिघींचं 'लोणी मंडळ'. मंडळानं होड्या धुवायच्या. पोरी हसायच्या, एकमेकींना "काय अध्यक्षबाई" म्हणायच्या, आणि मीही हसायची. शाळेत खेळ शिकवणारी टॅप बाई मी, सत्त्याण्णव साल, सगळ्या टास्मानिया बेटावर असं नीट मोजणारी मी एकटी. लोक होबार्टहून मुली घेऊन यायचे. मला अभिमान होता. आजही त्या अभिमानाची आठवण झाली की कान तापतात.

दवाखान्याच्या आवारातून गाडी काढली, पण चाराला अजून दीड तास होता, म्हणून नदीकाठी नेऊन उभी केली. ओहोटी होती. टेमारचा चिखल उघडा पडला होता, तपकिरी, गुळगुळीत, वर बगळे. माझे वडील फ्लिंडर्स बेटावर मटनबर्ड नावाचे समुद्रपक्षी खाण्यासाठी पकडायचे. पक्षी हातात आला की छातीवर अंगठा दाबायचे आणि म्हणायचे, भरलाय, किंवा म्हणायचे, राहू दे याला. मी सहा-सात वर्षांची, शेजारी उभी. एकदा मी विचारलं होतं, कसं कळतं? ते म्हणाले, अंगठ्याला विचार. मी पुढे आयुष्यभर अंगठ्याला विचारायचं सोडून सुईला विचारलं, कारण सुईला आकडा होता आणि आकडा वहीत लिहिता येत होता. टेगनच्या दंडाला त्या हिवाळ्यात माझा अंगठा लागला होता. चौदा आठवडे, दर गुरुवारी. अंगठ्याला कळलं नसेल असं मी म्हणू शकत नाही. कातडी उचलताना हाताला काही येतच नव्हतं, ओढून घ्यावं लागत होतं. मी ओढून घेतलं आणि सुई वाचली.

ती मार्चमध्ये आली होती. टेगन लोव्हेल, एकोणीस वर्षांची, शाळेत माझ्याच हाताखालून गेलेली, त्रेसष्ट किलो, खांदे असे की दारातून तिरकं व्हावं लागेल की काय. पिडकॉकला हलक्या गटाच्या होडीत एक मुलगी कमी पडत होती. हलक्या गटाला एकोणसाठ किलोच्या वर चालत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच होता की हिच्या अंगावर चार किलो चरबी उतरवण्याजोगी आहे का. असली तर उतरवायची. नसली तर उतरेल ते मांस, हाड, रक्त, आणि ते उतरवायचं नसतं. हा प्रश्न माझा होता, दुसऱ्या कोणाचा नाही. मी तिला मोजलं. अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. तेवीस टक्के. साडेचौदा किलो चरबी. ती टेबलाच्या कडेला बसून पाय हलवत होती. "बाई, आहे का जागा?" मी म्हटलं, "आहे जागा. आरामात." आरामात हा शब्द मी उगाच जोडला.

मग ती उतरायला लागली. वजन उतरलं, त्रेसष्टाचं बासष्ट, एकसष्ट, आणि बेरीज तिथेच. शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. असं व्हायला नको होतं. बाकीच्या मुलींचे आकडे तर थोडे वरच चालले होते, पण त्याचं मला नवल वाटलं नाही, थंडीत सगळ्याच फुगतात असं मी वहीत लिहूनही ठेवलं. चिमटा मी दर गुरुवारी तपासायची. त्याच्याबरोबर पितळेचे ठोकळे येतात, दहा, वीस, तीस, चाळीस मिलिमीटरचे. जबड्यात ठोकळा धरायचा, सुई बरोबर त्या आकड्यावर आली की चिमटा ठीक. येत होती. अगदी बरोबर येत होती. आता यात गंमत अशी आहे की पितळ दबत नाही. स्प्रिंग सैल असली तरी ठोकळा वीसचा वीसच दिसतो. चरबी मात्र दाबावी लागते, आणि सैल स्प्रिंग पुरेसं दाबत नाही, मग कातडी जाड दिसते. जितकी सैल तितकी जाड. त्या हिवाळ्यात ती दर आठवड्याला थोडी थोडी सैल होत होती, टेगन दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत होती, आणि दोघींची बेरीज सारखीच येत होती. मी तपासत होते, पण जे बिघडलं नव्हतं ते.

"बाई, मी खरंच काही खात नाहीये," ती जूनमध्ये म्हणाली. "सकाळी एक टोस्ट. दुपारी सफरचंद. आई विचारा हवं तर."

"आईला विचारा," मी म्हटलं. भाषा सुधारली मी तिची. मग म्हटलं, "टेगन, सुई कशाला खोटं बोलेल? माणसं बोलतात. पाणी पिणं सोडून वजन उतरवायचं आणि मागच्या दारानं खायचं, हे मी वीस वर्षं बघतेय." ती रडली नाही. तिनं बाही खाली केली आणि आपल्या दंडाकडे असं बघितलं की जणू तोच दोषी. त्या संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला. ग्लेनिस शाळेच्या उपाहारगृहात होती, माझी बरीच जुनी ओळख, माझा शब्द तिला प्रमाण. "ग्लेनिस, पोर चोरून खातेय. मला वाईट वाटतं सांगायला." मला वाईट वाटत नव्हतं. मला बरं वाटत होतं, कारण न जुळणारा हिशोब एकदाचा जुळला होता. ग्लेनिसनं दुसऱ्या दिवशी फळीच्या खोलीला, जिथे पीठ, बिस्किटं, जॅम असायचा तिला, कडी बसवली आणि कुलूप घातलं. किल्ली ती गळ्यात घालून कामावर यायची. मला दाखवली होती तिनं, उपाहारगृहात, सूप वाढता वाढता. "पोरीवर अशी पाळत ठेवायला लाज वाटते गं," म्हणाली. मी तिच्या हातावर थोपटलं होतं.

ऑगस्टमध्ये लेक बॅरिंग्टनवर सराव चालू असताना टेगनची बरगडी गेली. पडली नाही, आपटली नाही, वल्हं ओढलं आणि बरगडी गेली. डॉक्टरनं विचारलं तेव्हा कळलं, चार महिने पाळी नव्हती. तिला वाटलं होतं, बरंच झालं, त्रास वाचला. पिडकॉकनं दुसरी मुलगी घेतली. सप्टेंबरमध्ये माझ्या चिमट्याच्या तबकडीचा एक स्क्रू ढिला झाला म्हणून मी तो मेलबर्नला दुरुस्तीला पाठवला. परत आला तेव्हा सोबत चिठ्ठी होती, दोन ओळींची. स्क्रू बसवला. स्प्रिंगचा दाब एक तृतीयांशानं कमी भरला, स्प्रिंग बदलली. मी चिठ्ठी वाचली, आणि वहीतलं एक एक पान उलटून आकडे पुन्हा मांडले. स्प्रिंग मार्चमध्येच सैल झालेली असणार, टेगनची खरी बेरीज तेव्हा ऐंशीच्या आसपास. एकोणीस टक्के. बारा किलो, आणि त्यातलं बाईच्या शरीराला लागतं ते वजा करून उरलं किती? चार नाही. दोनही नाही. जागा नव्हती. मी चिठ्ठीची घडी घातली आणि डबीत, चिमट्याखालच्या मखमलीखाली ठेवली.

फाडली असती तर मी वाईट बाई ठरले असते, आणि दाखवली असती तर बरी. मी ठेवली. सांगणार होतेच मी, अशी माझी समजूत होती. नाताळ होऊ दे, तिची बरगडी सांधू दे, तिचं लग्न होऊ दे, बाळंतपण होऊ दे. ग्लेनिस शेवटी रुग्णालयात होती तेव्हा डबी पर्समध्ये घालून गेले होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "नोलीन, तू तेव्हा फोन केलास म्हणून. नाहीतर मी आंधळीच राहिले असते." मी पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. अंत्यविधीला अंड्याची सँडविचं करून नेली, कडा कापून, साठ तुकडे. मला कोणी बोल लावत नाही हे मला सहन होत नव्हतं, आणि कोणी लावावा म्हणून मी काही करतही नव्हते. अपराधी वाटणं हीसुद्धा एक सवय होते. सकाळच्या चहासारखं ते रोज घ्यायचं आणि कामाला लागायचं.

आणि गेल्या आठवड्यात टेगनचाच फोन. "बाई, तुमचा तो चिमटा आहे ना अजून?" सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी मला बाईच म्हणते. नावानं हाक मार म्हटलं की म्हणते, जीभ वळत नाही. "ब्रायनीला मोजायचंय. तिच्या सरांना टक्के हवेत. क्लबात आता एक काटा आलाय, त्यावर नुसतं उभं राहायचं, पायांतून वीज जाते म्हणे. सकाळी एक सांगतो, पाणी प्यायलं की दुसरंच. मी म्हटलं, त्यापेक्षा टॅप बाई मोजतील. त्यांची सुई खोटं बोलत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?" आणि मोकळेपणानं हसली.

चार वाजता ट्रेव्हॅलिनचा चढ चढून गेले. घर ग्लेनिसचंच, टेगन आता तिथेच राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सबंध नदी दिसते, चिखलासकट. फळीच्या खोलीचं दार पांढरं रंगवलेलं, पण उजेड तिरका पडला की चौकटीवर चार भोकं दिसतात, लांबी भरून बुजवलेली. मी त्या घरात गेले की त्या दाराकडे पाठ करून बसते. ब्रायनी आली, अठरा वर्षांची, वल्हवण्याचे घट्ट कपडे घालून, हातात केळं. खांदे आईचे.

"बाई, सर म्हणतात होडीत जागा आहे. तीन किलो उतरव म्हणाले. अंगात जागा आहे का ते तुम्ही सांगायचं."

मी तिचा दंड धरला. अंगठा टेकवला, उचललं. डबी टेबलावर बंदच होती.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"जागा नाही. तीन किलो नाही, एक नाही. सरांना माझं नाव सांग."

"पण तुम्ही मोजलंच नाही!"

"मोजलं."

"आई, बघ ना गं," ती म्हणाली, आणि आईनं काही बघितलं नाही तेव्हा केळं टेबलावर ठेवून निघून गेली. बाहेरचं दार आपटलं.

टेगन हसायला लागली. "तुम्ही? न मोजता? पिडकॉक थडग्यातून उठून बसेल." तिनं चहा ओतला. बसताना तिनं हात बरगडीखाली धरला, ती नेहमीच धरते, तिला स्वतःला कळत नाही. तिची हाडं माझ्याहून म्हातारी आहेत, हे मला तिच्या डॉक्टरनं नाही, तिनंच सांगितलंय, सहज, भाजीचे भाव सांगावेत तसं. मग पेला फिरवत म्हणाली, "बरं झालं ती गेली. बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. बरीच वर्षं सांगायचंय. हसू नका."

"सांग."

"मी तेव्हा तुमच्याशी खोटं बोलले होते. काही खात नाही म्हटलं ना, तुम्ही विचारलंत तेव्हा. त्या आठवड्यात मी एक स्कोन खाल्ला होता. आई कामावर होती. लोणी नव्हतं लावलं, नुसताच. उभ्यानं खाल्ला, तिथे, फळीपाशी." तिनं माझ्या पाठीमागच्या दाराकडे मान केली. "तुम्ही बरोबर ओळखलंत आणि मी उलट तोंड वर करून बोलले. तुम्ही माझ्यासाठी एवढं करत होता. मला माफ करा, बाई."

मला वाटत होतं की हे सांगताना मी रडेन किंवा माझा आवाज जाईल. तसं काही झालं नाही. मी डबी उघडली, चिमटा बाहेर ठेवला, मखमल नखानं उचलली. चिठ्ठी पिवळी पडली होती, घडीवर फाटायला आली होती. "स्कोननं काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "तू खरं बोलत होतीस. माझा चिमटा बिघडला होता. जागा नव्हतीच, टेगन. मार्चपासून नव्हती. मला सप्टेंबरमध्ये कळलं."

तिनं चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली, दोनच ओळी, पण वाचत राहिली. माझ्या मनात सवयीनं एक, दोन झालं. सुई थांबते तेवढ्या वेळात. टेगन वाचायची थांबली नाही.

"सप्टेंबर सत्त्याण्णव," ती म्हणाली.

"हो."

"आई त्यानंतर एकोणीस वर्षं होती."

"हो."

ती उठली. मला वाटलं मला जायला सांगेल. तिनं फळीच्या खोलीचं दार उघडलं, नुसतंच, आणि चौकटीवरच्या त्या बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. मी आता वळून बघत होते. बघायलाच हवं होतं.

"ही कडी आईनंच काढली," ती दाराशी बोलावं तसं म्हणाली. "माझी बरगडी मोडली त्या दिवशी. स्क्रू निघेना तर लोणी कापायच्या सुरीनं काढत बसली होती. मला म्हणाली, खा गं बाळा, हवं ते खा, फक्त चोरून नको. झालं गेलं, मी तुला माफ केलंय." तिनं चिठ्ठीची घडी पुन्हा होती तशी घातली. "माफ केलं तिनं मला, नोलीन. आणि मी बरं म्हटलं."